हुकावरचा ठसा

रविवारी दुकानाचं शटर अर्धंच खाली ओढलेलं दिसलं की शेजारचा घड्याळवाला समजून जायचा, आज आत गिऱ्हाईक नाही, घरचे बसलेत आणि त्यांचं काहीतरी बिनसलंय. वाटणीच्या वेळी असंच झालं होतं. धाकट्याने कारखान्यातून उठून पुढे गल्ल्यावर बसायचं ठरवलं तेव्हाही असंच. पण त्या दोन्ही वेळी मोठमोठ्या आवाजात वाद झाला होता. आज आतून आवाजच येत नव्हता, आणि घड्याळवाल्याच्या मते हे लक्षण चांगलं नव्हतं.

आत, दुकानाच्या मागच्या लांबट खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर पांढरा कागद पसरला होता. कागदावर एक साखळी ठेवलेली होती. तिच्या हुकावर या घराचा ठसा होता, आणि ठशाच्या शेजारी आकडा होता नऊशे सोळा. म्हणजे हजार भागांतले नऊशे सोळा भाग शुद्ध सोनं, बावीस कॅरेट. बाजारातल्या दुसऱ्या एका दुकानाने तीच साखळी मशीनखाली धरली तेव्हा मशीनने दाखवलं सातशे पन्नास. अठरा कॅरेट.

"मशीन चुकतं," गुंज म्हणाली.

"आणि तू?" आत्याने विचारलं.

गुंज हे काही तिचं खरं नाव नव्हे. आजोबांनी नातवंडांची नावं वजनावरून पाडली होती. ही जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून गुंज, आणि पाठचा भाऊ आला तो गुबगुबीत, म्हणून तोळा. आता गुंज चांगली भरभक्कम बाई झाली होती आणि तोळा व्यायाम करकरून सडपातळ, पण एकदा मारलेला ठसा पुसायची या घरात पद्धत नव्हती.

"मी नाही चुकत, आत्या," गुंज म्हणाली. तिने हे इतक्या सहज सांगितलं की आत्याला नाक मुरडायलाही फट सापडली नाही. कारखान्यातली प्रत्येक मूस गुंजीच्या हातून भट्टीवर चढायची. शुद्ध सोन्यात तांबं किती, चांदी किती, हे ती तराजूवर तोलायची, वितळलेल्या सोन्याचा रंग बघून पुन्हा मनात तोलायची, आणि दागिना पुरा झाल्यावर कसोटीच्या काळ्या दगडावर घासून तिसऱ्यांदा. गावभरच्या बायका तिच्या हातची वस्तू डोळे झाकून घ्यायच्या. तिला ते माहीत होतं आणि ते आवडतही होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत गुंज-तोळ्याचे वडील, अप्पा, बसले होते. त्यांचा उजवा हात सवयीने सदऱ्याच्या खिशावर गेला, थोपटून परत मांडीवर आला. त्या खिशात, कातडी पिशवीत, ठसा होता. बोटाएवढी पोलादाची कांडी, टोकाला उलटं कोरलेलं घराचं चिन्ह. अप्पांच्या वडिलांनी तो कोरून घेतला, अप्पांनी तो जन्मभर बाळगला. गुंजीला लागेल तेव्हा ती मागायची, अप्पा द्यायचे, आणि काम झालं की हात पुढे करून परत घ्यायचे. या रविवारी तो कायमचा कुणाच्या तरी हाती सोपवायचा असं त्यांनी महिनाभर आधीच जाहीर केलं होतं. कुणाच्या, ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे असं गुंजीला वाटलंही नव्हतं. परवापर्यंत.

परवा गुंज बाहेरगावी गेलेली असताना हेडबाई दुकानात आल्या होत्या. हेडबाई म्हणजे तोळ्याच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी त्या समोर आल्या की तोळा अजून उभाच राहायचा. त्यांनी साखळी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, तुमच्या ठशाखाली अठराचं सोनं निघालंय, रविवारी संध्याकाळी येते, काय ते उत्तर तयार ठेवा. तोळ्याने साखळी तिजोरीत ठेवली आणि दोन दिवस जेवण नीट केलं नाही.

"मी काय म्हणतो ते ऐकून घ्या," तोळा आता म्हणाला. "हेडबाईंना तशीच नवी चेन देऊन टाकू. बावीसची. माफी मागू. विषय संपला."

"आणि ही?" गुंजीने विचारलं.

"वितळवून टाक. आणि ताई, राग मानू नकोस, पण आता घडवणं थांबवू. तयार माल आणू, मोठ्या कंपनीचा. त्यांचं तपासणी केंद्र, त्यांचा शिक्का. काही झालं तर त्यांच्याकडे बोट दाखवता येतं. आपल्या ठशाचं काही झालं तर बोट कुणाकडे दाखवायचं?"

"माझ्याकडे," गुंज म्हणाली. "म्हणूनच तो ठसा आहे."

"बाजारात आजच कुजबुज सुरू झालीय."

"पोरगा बरोबर बोलतोय," आत्या म्हणाली. अप्पांची ही थोरली बहीण, घरातल्या प्रत्येक भांडणात पंच म्हणून आपणहून हजर राहायची. "तुझ्या हट्टापायी माझ्या बापाचं नाव मातीत जायला नको. गप नवी चेन द्या आणि तोंडं मिटा."

खिडकीजवळच्या स्टुलावर भावजय बसली होती, तोळ्याची बायको. ती इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, म्हणून घरात तिला लॅबवाली म्हणत. आत्तापर्यंत ती मूग गिळून बसली होती. नवऱ्याच्या बाजूने बोललं तर नणंद दुखावणार आणि नणंदेच्या बाजूने बोललं तर रात्री घरी नवऱ्याची बोलणी खावी लागणार, एवढं गणित तिला येत होतं.

"आधी बघू तर दे," गुंज म्हणाली आणि साखळी उचलली.

तिने मधली एक कडी निवडली. कानशीने तिच्या कडेला बारीकशी खाच पाडली, कारण वरचा मुलामा काहीही बोलेल, पोटातलं सोनं काय म्हणतंय ते ऐकायचं असतं. मग ती खाच काळ्या दगडावर घासली. दगडावर पिवळी रेघ उमटली. शेजारी तिने आपल्या बावीसच्या सळईची रेघ ओढली. दोन्ही रेघा सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. मग तिने बावीसच्या कसाचं ॲसिड काचेच्या काडीने दोन्हींवरून आडवं फिरवलं.

सळईची रेघ जशीच्या तशी राहिली. साखळीची रेघ आधी तपकिरी झाली, मग विरली, मग दगडावर काहीच उरलं नाही.

गुंजीच्या कानांत एकदम गरम वाटायला लागलं. तिने अठराचं ॲसिड घेऊन पुन्हा करून बघितलं. त्याच्याखाली रेघ टिकली. म्हणजे अठराच. मशीन बरोबर होतं. आपल्या ठशाखाली अठराचं सोनं गावातून फिरत होतं, आणि हे दुसऱ्या कुणी नव्हे, तिच्याच दगडाने तिला सांगितलं होतं. तिला रडू आलं नाही, पण कुणीतरी भर रस्त्यात नावाने हाक मारून थोबाडीत द्यावी तसं झालं. ज्या गोष्टीबद्दल तिने आयुष्यात कधी मान खाली घातली नव्हती ती हीच एक होती.

"चुकलं असेल, ताई," तोळा हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट तो घाबरला होता. लहानपणापासून ताई चुकत नाही या गोष्टीला तो टेकून उभा होता, आणि आता टेकायलाच काही नव्हतं. "सगळ्यांचं चुकतं."

अप्पांचा हात पुन्हा खिशावर गेला. या वेळी तो तिथेच राहिला. गुंजीने ते पाहिलं.

"ताई," लॅबवाली म्हणाली, "सॅम्पल कुठून घेतलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे घासलंत कुठे? चेन ना? आणि ठसा हुकावर आहे. दोन्ही एकच आहेत कशावरून?"

"तू मध्ये बोलू नकोस," तोळा म्हणाला.

"मी मध्ये नाही, शेवटी बोलतेय. तुमचं सगळ्यांचं बोलून झालंय."

गुंजीने भिंग डोळ्याला लावलं. आतापर्यंत तिने ठसा पाहिला होता आणि ठशापुढे दुसरं काही पाहिलं नव्हतं. आता कड्या बघितल्या. प्रत्येक कडीचा जोड आतल्या बाजूला होता, गोल, गुळगुळीत, यंत्राने बसवलेला. तिच्या कड्यांचा जोड बाजूला असायचा. असा, की गळ्यातल्या गळ्यात साखळी फिरली तरी जोड कातडीला लागू नये.

"ही माझी चेन नाही," ती म्हणाली.

"आता असं म्हणणारच तू," आत्या म्हणाली.

गुंजीने हुकाची पट्टी दगडावर घासली, बावीसचं ॲसिड फिरवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. रेघ हलली नाही. सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं, रेघ तशीच पिवळीजर्द. हुक बावीसचा, साखळी अठराची. हुक घरचा, साखळी परकी.

"झालं तर मग!" तोळा उठून उभा राहिला. "कुणीतरी आपला हुक काढून स्वतःच्या चेनीला लावलाय. आपण कशात नाही."

"हुक नवा आहे रे. झिजलेला नाही, याचा कुठल्याही चेनीशी संसार झालेला नाही." गुंज टेबलाच्या खणाशी वाकली. "हा कुठून आला ते मला माहीत आहे."

तिने खणातून पत्र्याची एक चपटी डबी काढून कागदावर पालथी केली. नवेकोरे हुक. एकही कुठल्या साखळीला लागलेला नाही, आणि प्रत्येकाच्या पट्टीवर घराचा ठसा आणि नऊशे सोळा, इतके सरळ, इतके रेखीव, की नजर लागावी.

ही डबी कशी भरली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांचे हात कापायला लागले तेव्हा आधी दुपारनंतर कापायचे, सकाळी उठल्या उठल्या मात्र दगडासारखे स्थिर असायचे. म्हणून ते पहाटेच कारखान्यात यायचे आणि रिकाम्या हुकांवर ठसे मारून ठेवायचे. पुढे सकाळीही हात ऐकेनासे झाले आणि ते खुर्चीत बसले. गुंजीने ते हुक जपून ठेवले, आणि साखळी पुरी झाली, कसाला उतरली, की त्यातला एक काढून लावायला लागली. तिला स्वतःला ठसा मारता येत नव्हता असं नाही. पण तसा अप्पांसारखा सरळ येत नव्हता, आणि साखळीवर अप्पांचा हात असावा असंही तिला वाटायचं. यात काही चूक आहे असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

लॅबवालीने एक हुक तळहातावर घेतला. "म्हणजे वस्तू व्हायच्या आधीच शिक्का?"

"हुक बावीसचाच आहे," अप्पा म्हणाले. खूप वेळाने बोलल्यामुळे आवाज घोगरा आला.

"हो, पण शिक्का हुकासाठी नसतो ना, अप्पा? चेनीसाठी असतो. आमच्याकडे रिकाम्या नळीवर पेशंटचं नाव चिकटवून ठेवलं तर नोकरी जाते. आधी रक्त, मग नाव." ती थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य बोलावं की नाही याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसला. "उन्हाळ्यात हेडबाई आल्या होत्या. ताई नव्हत्या. मी तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही हेडबाईंना खुर्ची दिलीत, सरबत मागवलंत, आणि म्हणालात, बाई, पाच मिनिटांत नवा हुक लावून देतो. आणि इथे मागे येऊन खणात हात घातलात."

तोळ्याचं तोंड उघडं राहिलं.

"लावला होता," तो म्हणाला. "हो. त्यांचा तुटला होता. पण... हुकच तर होता! हुकाचा काय संबंध? मी काय त्यांच्या चेनीतलं सोनं काढून घेतलं?"

आणि त्याला खरंच असं वाटत होतं. त्याने स्वतःच्या हाताने तो हुक लावला होता, आणि परवा तीच साखळी काउंटरवर आली तेव्हा हुकावरचा ठसा बघून त्याने एका क्षणात मान्य केलं होतं की साखळी आपलीच. ठशावर या घराचा एवढा विश्वास होता, की आपण कुठे काय लावलंय तेही कुणी आठवून बघत नव्हतं. गुंजीला आधी हसू आलं. मग संताप आला.

"दोन दिवस! दोन दिवस तू मला चोर ठरवतोयस!"

"चोर नाही म्हणालो! चुकलं म्हणालो!"

"ते वाईट आहे त्याच्याहून!"

"थांबा," आत्या म्हणाली. तिने डबी ओढून स्वतःपुढे घेतली होती. एकेक हुक उलटा-सुलटा करून बघताना तिची बाजू बदलत चालली होती, आणि आत्याची बाजू बदलली की घरात वारं फिरायचं. ती भावाकडे वळली. "आपल्या बापाने काय शिकवलं होतं रे? मला तर त्याने ठशाला हातही लावू दिला नाही, तरी मला पाठ आहे. आधी घडव, मग तपास, मग ठोक. तू हे रिकामे हुक ठोकून ठेवलेस? आणि तुझ्या पोरीने ते खुशाल वापरले? आणि तुझ्या पोराने उचलून दिला एक, चणे-फुटाणे दिल्यासारखा?"

"माझा हात फक्त सकाळी चालायचा," अप्पा म्हणाले. बस, एवढंच. ते कुणाकडे बघत नव्हते.

गुंजीचा राग तिथल्या तिथे विरला. तिला वाटलं, आता बोलायला पाहिजे ते मीच बोललं पाहिजे, नाहीतर हा सगळा भार त्या खुर्चीवर पडेल.

"डबी अप्पांची, पण ती चालू ठेवली मी," ती म्हणाली. "हा खण माझा आहे. तोळ्याने घेतला तो हुक घेता येईल अशा ठिकाणी मी ठेवला होता. वाटे घाला सगळ्यांना, पण मोठा वाटा माझा."

तेवढ्यात शटर खडखडलं. हेडबाई वाकून आत आल्या, आणि तोळा ताडकन उभा राहिला.

"बस," हेडबाई म्हणाल्या. तो बसला.

"बाई," तो घाईघाईने म्हणाला, "आम्ही तुम्हाला नवी चेन देतोय. बावीसची, अगदी अशीच..."

"ही तुमची चेन आमची नाही," गुंज म्हणाली.

तोळ्याने कपाळावर हात मारला. हेडबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे हात वर करताय?"

"नाही. ऐकून घ्या, मग रागवा. चेन अठराची आहे. ती आम्ही घडवलेली नाही. उन्हाळ्यात तुमचा हुक तुटला तेव्हा आम्ही जो लावून दिला तो बावीसचा होता, आणि त्यावर बावीसचा ठसा होता. तुमच्या अठराच्या चेनीला बावीस म्हणणारे आम्ही. दुसरं कुणी नाही."

हेडबाईंनी टेबलावरची साखळी उचलून पाहिली. मग त्या आत्याच्या शेजारी बसल्या. आता त्या हेडबाईंसारख्या दिसत नव्हत्या, उन्हातून चालत आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईसारख्या दिसत होत्या.

"माझ्या धाकट्या भावाने आणली होती ती," त्या म्हणाल्या. "पहिल्या पगारातून. तो कधी बोलला नाही कसली आहे, मीही विचारलं नाही. हुक बदलल्यावर तो आकडा पाहिला आणि मला वाटलं, अरे, या पोराने माझ्यासाठी एवढं भारी सोनं घेतलं होतं? तो आता नाही. त्याच्या मुलीला द्यायची म्हणून दुसऱ्या दुकानात तिची लांबी वाढवायला नेली, तर तो माणूस हसला. म्हणाला, फसवलंय तुम्हाला. मला फक्त एवढंच कळायला हवंय, माझा भाऊ फसला होता का?"

गुंजीने भिंग पुन्हा हातात घेतलं. तिला आठवलं.

"जुना हुक कुठेय, बाई? तुटलेला? आमच्याकडे बदललेला भाग गिऱ्हाइकाला परत देतात."

हेडबाईंनी पर्स उघडली. औषधाच्या चिठ्ठ्या, किल्ल्या, रुमाल, आणि तळाशी कागदाची एक घडी. त्यात तुटका हुक होता. गुंजीने तो भिंगाखाली धरला, खिडकीकडे वळवला, पुन्हा वळवला. मग भिंग हेडबाईंच्या हातात दिलं.

"पट्टीच्या मागे बघा. झिजलंय, पण वाचता येतंय."

"सात... पाच..."

"सातशे पन्नास. ज्याने घडवली त्याने अठरा म्हणून घडवली, अठरा म्हणून ठोकली, आणि तुमच्या भावाने अठरा म्हणूनच घेतली. त्याला कुणी फसवलं नाही. त्यानेही तुम्हाला फसवलं नाही. अठरा म्हणजे खोटं सोनं नव्हे, बाई. अठरा म्हणजे अठरा. खोटं होतं ते आम्ही वरून लावलेलं बावीस."

हेडबाईंनी भिंग खाली ठेवायला जरा वेळ लावला. डोळे पुसले, आणि पुसताना कुणी बघत नाही ना याची पर्वा केली नाही. मग त्यांचा जुना आवाज परत आला. "हे मला लिहून द्या."

"लिहून नाही देत," गुंज म्हणाली. "ठोकून देते."

आता इथे एक अडचण होती. या घराने तीन पिढ्यांत बावीसच्या खाली कधी काही घडवलं नव्हतं, आणि घडवत नाही याची घमेंडही होती, म्हणून आकड्याचा ठसा घरात एकच, नऊशे सोळाचा. लॅबवालीने खण उपसले. शेवटी अंगठीची मापं ठोकायचे सुटे आकडे सापडले, शून्यापासून नऊपर्यंत. गुंजीने तुटका हुक वितळवला आणि त्याच सोन्याचा नवा घडवायला घेतला. तोवर आत्याने हेडबाईंना चहा दिला आणि आपल्या बापाच्या कडकपणाच्या गोष्टी इतक्या प्रेमाने सांगितल्या, की मघाशी तोंडं मिटा म्हणणारी हीच का असं लॅबवालीला वाटलं. नवा हुक साखळीला बसला. गुंजीने साखळी पुन्हा घासली, दोन टोकांना आणि मध्ये. मग हुक घासला. अठरा, अठरा, अठरा, अठरा.

"आता," ती म्हणाली आणि अप्पांपुढे हात केला.

अप्पांनी पिशवी काढली. गाठ सुटेना, तर त्यांनी ती दातांनी सोडवली. ठसा तिच्या हातावर ठेवला.

पण हुक इवलासा, ऐरणीवरून सटकत होता. कुणीतरी चिमट्याने धरायला हवा होता. तोळा पुढे आला. कारखाना सोडल्यापासून तो या ऐरणीशी पहिल्यांदाच बसत होता. त्याने हुक धरला, अंगठा ठशाच्या अगदी जवळ.

"बोटं माझी आहेत, लक्षात ठेव," तो म्हणाला.

"नेम माझा आहे, लक्षात ठेव."

हातोडी पडली. घराचं चिन्ह. मग सात, मग पाच, मग शून्य. तोळ्याने डोळे मिटून घेतले होते, पण हात हलवला नाही.

अप्पांनी भिंग मागून घेतलं. हुक डोळ्याशी नेला, आणि हात कापत होता म्हणून गुंजीने मनगटाला आधार दिला. "पाच वाकडा पडलाय," ते म्हणाले.

"पडू दे. खरा आहे."

त्यांनी भिंग खाली ठेवलं, पण ठसा परत घ्यायला हात पुढे केला नाही. हेडबाईंनी साखळी गळ्यात घातली नाही, मुठीत घेतली, आणि दारापर्यंत पोचवायला आलेल्या तोळ्याला म्हणाल्या, "खोडी करून कबूल करायला तुला नेहमीच वेळ लागतो." तो मान खाली घालून हसला.

उरली ती डबी. गुंजीने भट्टी पुन्हा पेटवली. हुक तराजूत घालून वजन केलं, कारण वजन केल्याशिवाय इथे मुशीत काही जात नाही, आणि डबी अप्पांपुढे धरली. टाकायचे तर त्यांनीच टाकावेत असं तिला वाटलं. अप्पांनी डबी घेतली, मुशीवर नेली, हात कापला, आणि सगळे हुक फरशीवर उधळले.

मग घरातली सगळी माणसं गुडघ्यांवर आली. लॅबवाली टेबलाखाली शिरली, तोळ्याने कपाटाखाली पट्टी फिरवली, आत्या खुर्चीतूनच काठीच्या टोकाने दाखवत होती, "तो बघ, तो, तुझ्या नाकासमोर!" सापडले तेवढे गुंजीने पुन्हा तराजूत घातले. काटा मघापेक्षा अलीकडे थांबला. एका हुकाएवढा.

पुन्हा शोधाशोध झाली. गुंजीने शोधलं नाही. ती उभी राहून बघत होती. अप्पा खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांची उजवी चप्पल फरशीवर जरा जास्तच घट्ट टेकली होती. तिला कळलं. त्यांच्या हाताने मारलेले शेवटचे ठसे होते ते. पुन्हा असा एकही होणार नव्हता. एक राहिला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं? आणि मग तिला तोळा आठवला, खणात हात घालणारा. हुकच तर होता.

ती खुर्चीपाशी गेली. "अप्पा," ती म्हणाली, "पाय उचला."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग पाय उचलला.

"बघत होतो, सोडतेस का," ते म्हणाले.

"आणि सोडला असता तर?"

"तर ठसा परत मागितला असता."

हे खरं होतं की आत्ता सुचलं होतं, हे दगडावर घासून बघायची सोय नव्हती. गुंज हसली. वाकून तिने तो हुक उचलला, पदराला पुसला, आणि बाकीच्यांबरोबर मुशीत टाकला. सोनं वितळेपर्यंत सगळे भट्टीभोवती उभे होते. अप्पांचा हात सवयीने खिशावर गेला, रिकामा खिसा एकदा थोपटून आला, आणि मांडीवर शांत पडून राहिला.